कॅरियरवरची झोप

माघ लागला की निपाणीला वास सुटतो. बेळगावहून निघालेली बस तवंदीचा घाट उतरली, की तो उघड्या खिडकीतून आत येतो. तंबाखूच्या वखारींचा, कडवट, उग्र, घशात खवखवणारा. शेजारची बाई पदर नाकाला लावते, मागं कुणीतरी लागोपाठ शिंका देतं, कंडक्टर मात्र ढिम्म. तो इथलाच असतो. मी काही नाक धरत नाही. मला झोप येते. डोळे जड होतात, मान खाली जाते आणि स्टँड आलं की कुणीतरी दंडाला हलवून म्हणतं, ‘बाई, उतरा की, निपाणी आली.’

या वयात बसमध्ये डोळा लागणं काही नवलाचं नाही, असं माझी सून म्हणते. म्हणू दे. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, गुडघे कुरकुरतात, जिना चढताना मधल्या पायरीवर उभं राहून उगाच पदर सारखा करावा लागतो. पण हा थकवा वयाचा नव्हे. हा फार जुना आहे. दरवर्षी याच दिवसांत येतो, पाहुण्यासारखा थोडे दिवस राहतो आणि शिमगा झाला की आपल्या पायांनी निघून जातो. मी त्याला आता ओळखते. तो मुळात माझा नाहीच, माझ्या भावाचा आहे.

आमचं गाव निपाणीच्या पलीकडं, वेदगंगेच्या अंगाला. सगळी काळी जमीन आणि सगळी सपाट. इतकी सपाट, की गावातल्या मारुतीच्या पायरीवर उभं राहिलं तर लांबवर दुसऱ्या गावची माणसं चालताना दिसायची. डोंगर म्हणायचा तर दक्षिणेला तवंदीचा, तोही धुरकट. तेव्हा सत्तरचं दशक संपत आलं होतं. घरोघर सायकली आल्या होत्या, आणि पाहुणेमंडळी आली की हमखास म्हणायची, ‘तुमचं बरं हाय बाबा, चढ न्हाय काय न्हाय, सायकल आपसूक पळती.’ असला राग यायचा मला! सपाटीवर सायकल मारलेली माणसं असं बोलत नाहीत. चढ असला की पुढं उतार असतो. उतारावर पाय थांबवता येतात, वारा खाता येतो, घाम पुसता येतो. सपाटीला तसलं काही नाही. पाय थांबला की सायकल थांबली. जेवढं मारशील तेवढंच मिळणार, वर एक इंच फुकट नाही. आणि वारा तर असा, की जाताना समोरून आणि येतानाही समोरूनच. तो कसा काय फिरायचा कोण जाणे.

हल्ली रविवारी सकाळी बेळगावात आमच्या घरावरून जाड टायरच्या सायकलींचा ताफा जातो. डोक्याला टोपडं, डोळ्यांना रंगीत चष्मे, हाताला गियर. कुणी बेळगुंदीकडं जातं, कुणी थेट जांबोटीच्या जंगलात. आमच्या शेजारची पोरगी त्यातलीच. ‘मावशी, चढताना जीव जातो, पण उतरताना काय वाटतं सांगू!’ म्हणते. सांग बाई, सांग. मी गॅलरीत चहाचा कप घेऊन ऐकते. तिचं खरंच आहे. आम्हाला उतार मिळाला नाही, एवढीच आमची तक्रार होती.

आमच्याकडं सुगी म्हणजे तंबाखूची. शाळू, हरभरा असायचा, पण घरातली माणसं तंबाखूच्या मागं. झाड विळ्यानं बुडातून कापायचं आणि शेतातच उन्हाला पसरायचं. दिवसभर ते वाळतं. त्याला उन्हात हात लावायचा नाही, कारण वाळलेलं पान पापडासारखं होतं, बोट लागलं तरी चुरा. चुऱ्याला व्यापारी विचारत नाही. म्हणून हात लावायचा तो पहाटे, दव पडून पान मऊ झालं की. त्या तासा-दोन तासांत सगळं शेत उलथायचं, वाळलेलं गोळा करायचं, झाकायचं. सूर्य वर आला की संपलं. त्या वेळी घरात कुणी आजारी पडत नसे, कुणाला पाहुणा चालत नसे, कुणी कुणाशी दोन शब्द बोलत नसे. ओल्या पानाचा चीक हाताला बसला की काळा थर धरायचा, राखेनं घासला तरी जायचा नाही. आणि तंबाखू लागायची. म्हणजे ते पान कवळून कवळून गरगरायचं, मळमळायचं, आणि अंग मोडून आलेलं असूनही रात्री डोळ्याला डोळा लागायचा नाही. त्यातून माल शेतात उघडा, तेव्हा राखणीलाही कुणीतरी हवंच. ते कुणीतरी म्हणजे माझा भाऊ, अण्णा.

अण्णा माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. सातवीनंतर त्यानं शाळा सोडली, म्हणजे आप्पांनी त्याला शेतावर घेतलं. आप्पा आमचे वडील. वाईट नव्हते, पण सुगीत त्यांच्या डोळ्यांना माणसं दिसायची नाहीत, हात दिसायचे. मी निपाणीच्या हायस्कुलात दहावीला होते. गावातल्या बाकीच्या पोरी एकेक करून गळाल्या होत्या. शेवटची सोबतीण दिवाळीत लग्न होऊन गेली. एकट्या पोरीनं सायकलवर किंवा पायी जाणं तेव्हा कुणाच्या कल्पनेतही नव्हतं, आणि बस हायवेवर, तीही तिच्या मर्जीनं. संक्रांतीच्या आदल्या दिवशी आप्पा जेवताना म्हणाले, ‘शकू, आता बास. सुगीत मला हात कमी पडत्यात. सुगी झाली की बघू कुठं जागा मिळती का.’ जागा म्हणजे नवरा.

मी ताटावरून उठले नाही, रडलेही नाही. घास तोंडात फिरत राहिला. आई भाकरी थापता थापता थांबली. अण्णा म्हणाला, ‘आप्पा, तिची नेआण मी करतो.’

‘आणि तंबाखू?’

‘तंबाखूबी करतो.’

‘दोन्ही?’

‘एक काम चुकलं तर त्या दिवशी तिचं नाव काढा शाळंतनं. मी काय म्हणणार न्हाय.’

आप्पांनी त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. ‘बोललास न्हवं? बोलणं म्हंजे बोलणं,’ म्हणाले आणि हात धुवायला उठले. एवढंच. आमच्या घरात याच्यापेक्षा लांब बोलणं होत नसे. माझी परीक्षा मार्चअखेरीला होती आणि तोवर अण्णानं एकदाही दमायचं नव्हतं.

तो पहाटे शेतात असायचा. दव असेपर्यंत उलथणं, गोळा करणं. ऊन आलं की तसाच घरी, तोंडावर पाणी, भाकरीचा तुकडा चावत चावत सायकल बाहेर. मला कॅरियरवर घेऊन निपाणी. तिथून एकटा परत शेतावर. दुपार कलली की पुन्हा मला आणायला. संध्याकाळी पुन्हा तंबाखू, आणि रात्री राखण. पहिले काही दिवस तो शीळ घालायचा. मग शीळ बंद झाली. मग बोलणं बंद झालं. मागं बसून मला त्याची पाठ तेवढी दिसायची, आणि त्या पाठीवरून मला कळायचं की आज किती झोप झाली. बहुतेक दिवशी झालेली नसायची.

आमच्याकडं रात्री बैलगाडीवाले गाडीत झोपून जायचे. बैलांना वाट पाठ असायची. झोपेत घर यायचं. अण्णाला वाटलं असावं, सायकलीचंही तसंच असतं. सरळ रस्ता, सपाट, समोर कुणी नाही, पाय आपले फिरतायत. एका सकाळी मी पाठीमागं बसून ‘क्षेत्रफळ म्हणजे’ करत होते, आणि बघते तर सायकल हळूहळू एका बाजूला चाललीय. ‘अण्णा!’ म्हणेपर्यंत आम्ही चरात. सायकल वर, आम्ही खाली, माझं दप्तर चिखलात. अण्णा उठला, माझ्या कोपराचं खरचटलेलं बघितलं आणि म्हणाला, ‘खड्डा दिसला न्हाय गं.’ तिथं खड्डा नव्हताच. दोन दिवसांनी तो उसाच्या गाडीखाली जाता जाता वाचला. गाडीवान त्याला शिव्या देत होता आणि अण्णा खाली मान घालून हसत होता. ते हसणं बघून मला भीती वाटली. असंच चाललं तर शाळा राहील बाजूला, भाऊच जाईल.

‘अण्णा, तू मागं बस. मी मारते.’

‘येडी झालीस काय? तुला कुठं येती?’

‘येती. लहानपणी खळ्यात तूच शिकवलीस की कैची मारायला.’

‘दांडीखालनं पाय घालून कैची मारणं निराळं. आणि कुणी बगितलं तर? पोरगी पायडल मारतीया आणि भाऊ मागं बसलाय! आप्पांच्या कानावर जायला किती येळ लागंल?’

ते खरं होतं. अण्णा दमला एवढं आप्पांना कळलं, की माझी शाळा संपलीच. मग मी म्हणाले, ‘रस्त्यानं न्हाय जायचं. पाणंदीनं जाऊ.’

पाणंद म्हणजे शेताशेतांतून जाणारी गाडीवाट. आमच्या भागात त्यांचं जाळं होतं. सुगीत गाड्या जायच्या, एरवी कुत्रं फिरकायचं नाही. गावाबाहेरच्या वळणावर मी परकराखाली अण्णाचा जुना लेंगा चढवायची, परकर वर खोचायची आणि सीटवर बसायची. सीट अण्णानं खाली करून दिली होती, तरी पाय बोटांवरच टेकायचे. अण्णा मागं बसायचा, आपल्या पंच्यानं स्वतःला माझ्या कमरेला बांधायचा, पुढं गाठ मारायचा. मग दोन्ही पायांनी जमीन रेटून सायकल ढकलून द्यायचा. ‘मार आता,’ म्हणायचा. आणि पुढच्या बाभळीपर्यंत पोचायच्या आत त्याचं डोकं माझ्या पाठीवर टेकलेलं असायचं. इतकी झोप मी पुन्हा कुणाची बघितली नाही. चाक दगडावरून उडालं, दप्तर हिंदकळलं, कुत्री भुंकली, तरी तो हलत नसे. त्याच्या तोंडाची लाळ माझ्या पोलक्यावर ओली लागायची. वर्गात मैत्रीण म्हणायची, ‘पाठीवर काय सांडलंय गं?’ मी म्हणायची, दव.

जड होता. खोटं कशाला सांगू? पायाच्या पोटऱ्यांत गोळे यायचे, काळ्या मातीच्या ढेकळांत चाक रुतायचं, श्वास छातीत मावायचा नाही. गाडीच्या चाकोरीत सायकल घातली तर बाहेर काढता येत नसे, आणि चाकोरीबाहेर गवतात काटे. वर्गात पहिला तास मी अर्धी झोपेत असायची. बाईंनी फळ्यावर काढलेला त्रिकोण डोळ्यांपुढं फिरत राहायचा. आता कळतं, घरात एकच झोप होती आणि ती आम्ही दोघं वाटून घेत होतो. पण तेव्हा हे असलं काही सुचत नव्हतं. तेव्हा फक्त समोरची वाट दिसायची आणि पाठीवरचा श्वास ऐकू यायचा. तो एकसारखा चालला आहे ना, एवढंच मी बघायची.

त्या वाटेत एक गंमत होती. मधल्या एका कोपऱ्यात ती महाराष्ट्रात शिरायची, दोन-चार शेतं ओलांडायची आणि परत कर्नाटकात यायची. म्हणून तिथं सुगीपुरता एक नाका बसवलेला. नाका कसला, दोन खुंट्यांवर आडवा बांबू आणि खाटेवर एक वयस्कर माणूस. कोण काय माल इकडून तिकडं नेतो ते बघायचं त्याचं काम. पहिल्या दिवशी त्यानं बांबू खाली ठेवूनच आम्हाला बघितलं. आमच्या सायकलला ब्रेक नव्हते. हसू नका, गावात कुणाच्याच सायकलला नव्हते. पावसाळ्यात काळी माती ब्रेकमध्ये आणि मडगार्डमध्ये अडकून चाक फिरेनासं व्हायचं, म्हणून लोक दोन्ही काढूनच टाकायचे. सपाटीला ब्रेक कशाला हवेत? थांबायचं झालं तर चप्पल पुढच्या चाकावर दाबायची. मला ते सीटवरून जमायचं नाही. मी ओरडत, पाय घासत कशीबशी बांबूपाशी थांबले.

तो उठून आला. माझ्या लेंग्याकडं बघितलं, पंच्याच्या गाठीकडं बघितलं, अण्णाच्या लोंबकळत्या हातांकडं बघितलं आणि घाबरून कानडीत म्हणाला, ‘यार इंव? सत्तानेन?’ कोण हा, मेलाय की काय?

‘इल्ल री, मलग्यान,’ मी म्हणाले. नाही हो, झोपलाय.

‘चीलदाग एनैती?’ पिशवीत काय आहे?

‘पुस्तक री.’

त्यानं पिशवीत हात घालून खरंच बघितलं. भूमितीचं पुस्तक उलटसुलट केलं, परत ठेवलं. वाकून अण्णाच्या नाकापुढं बोट धरलं, श्वास बघितला, आणि मग जे हसला! दुसऱ्या दिवसापासून आमची सायकल लांबून दिसली की तो बांबू वर धरून उभा राहायचा. आम्ही त्याच्या खालून जायचो. तो ओठांवर बोट ठेवायचा; मला वाटतं, आपल्या कुत्र्याला सांगायचा, भुंकू नको. दोन राज्यांच्या मधोमध अण्णाची झोप कुणी मोडली नाही, याचं मला आजही कौतुक वाटतं. सीमाप्रश्नावरून मोठ्या माणसांच्या सभा, मोर्चे, बंद सगळं त्याच काळात चाललं होतं. आमचं काम त्या एका म्हाताऱ्यानं केलं.

आईला कळलं होतं. लेंगा धुताना तिनं विचारलं, ‘ह्याचं गुडघं सायकलच्या तेलानं कसं काळं झालं? आणि हिरवा परकर आत खोचल्यावाणी का चुरगाळलाय?’ तिनं लेंगा पिळला, झटकला, आणि तारेवर वाळत घालायच्या ऐवजी घरामागं बोरीवर टाकला, आप्पांची नजर जात नव्हती तिथं. दुसऱ्या दिवसापासून माझ्या डब्यात एक भाकरी जास्त यायला लागली.

सगळ्या त्या वाटेवर एकच उतार होता. परतीला आम्ही थेट शेतावर जायचो; शेताच्या अलीकडं ओढा होता, त्यात वाट एकदम खाली उतरायची, पाण्यातून जायची आणि पलीकडं चढायची. तिथं आलं की मी कोपरानं अण्णाला ढोसायची, ‘अण्णा, उतार!’ तो दचकून जागा व्हायचा, दोन्ही पाय जमिनीवर घासायचा, आम्ही धुरळा उडवत थांबायचो. मग तो गाठ सोडायचा, पुढं यायचा, मी मागं. शेतावर पोचताना पायडल मारणारा अण्णाच असायचा. रोज असंच. कुणाला काही कळायचं कारण नव्हतं.

त्या दिवशी सकाळीच त्याला तंबाखू लागली होती. शेतात दोनदा ओकला, बांधावर बसून राहिला, मग पुन्हा उठून काम पुरं केलं. दुपारी मला न्यायला आला तेव्हा ओठ पांढरे होते. ‘बरं वाटत न्हाय का?’ म्हटलं, तर मान हलवली, ती हो की नाही कळलं नाही. पाठीवर डोकं टेकलं ते असं, की मला वाटलं तो झोपला नाही, विझला. उतार जवळ आला. माझं कोपर उचललं गेलं आणि तसंच खाली आलं. त्याला उठवायचं माझ्या जिवावर आलं. म्हटलं, जाते आज अशीच. काय होईल? पाण्यात चाक मंदावेल.

चाक मंदावलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा पाय न हलवता सायकल पळत होती, वारा कानात शिरत होता, आणि एक क्षणभर, खरं सांगते, मला फार बरं वाटलं. पाणी दोन्ही बाजूंना उडालं, पलीकडचा चढ अर्ध्या दमात सरला, आणि वर येऊन बघते तर पाणंदीतच तंबाखू पसरलेली. शेतात जागा पुरेना, म्हणून वाळत आलेली आप्पांनी पहाटेच्या दवात उचलून इथं वाटेवर उन्हाला घातली होती. मी किंचाळले. पायाची बोटं मातीत रोवली. सायकल कडाकडा वाजत त्या पानांतून गेली. तो आवाज! चुलीवर पापड भाजताना येतो ना, तसा, पण थांबेचना. मधोमध जाऊन आम्ही उभे राहिलो. आणि समोर बांधावर, हातात तांब्या घेऊन, आप्पा.

मी उतरायला पाय उचलला.

‘उतरू नगंस!’ आप्पा ओरडले. ‘उतरलीस तर आणि तुडवशील. तशीच हुबी ऱ्हा.’

ते पानं चुकवत, पाय मोजून मोजून टाकत आले. हँडल धरलं. त्यांनी माझ्या लेंग्याकडं बघितलं. माझ्या कमरेच्या गाठीकडं बघितलं. मग मागं जाऊन अण्णाकडं बघत राहिले. तो अजून झोपलेला होता. एवढं सगळं होऊन झोपलेला होता. आप्पांनी त्याच्या कपाळाला हात लावला, आणि त्या हातानं तो जागा झाला. समोर आप्पा, खाली चुरा. पहिला शब्द त्याच्या तोंडून आला तो असा, ‘आप्पा, माझं काम चुकलं न्हाय. सगळं केलंय. बगा जाऊन.’

‘कवापास्नं हे?’ आप्पांनी मला विचारलं.

‘संक्रांत झाली, त्याच्या फुडच्या आठवड्यापास्नं.’

माझी छाती अशी उडत होती, की हँडलवरची घंटी वाजेल असं वाटलं. मला माहीत होतं काय होणार. अण्णालाही माहीत होतं. त्यानं गाठ सोडायला हात घातला, पण ती ताणून घट्ट बसली होती, सुटेना. शेवटी आप्पांनीच ती सोडली.

‘तंबाखू तुडवली कुणी?’ ते म्हणाले. ‘हिनं. तू न्हाय. तुझं काम चुकलं न्हाय. बोलणं म्हंजे बोलणं.’ मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. ते पुढं म्हणाले, ‘हिला सायकल येती. दोघांची येती. मग तुझं काय काम? उद्यापास्नं ती एकटी जाईल, रस्त्यानं, लोकांम्होरनं. कोण काय बोललं तर मला सांगंल. तू हितं.’

मी सायकलवरच रडायला लागले, आणि अण्णा, ओठ पांढरे पडलेला अण्णा, हसायला लागला. ‘जिकलो की गं शके!’ म्हणाला. त्याला खरंच आनंद झाला होता. त्या आनंदात खोट नव्हती, आणि म्हणूनच मला ती गोष्ट अजून सलते.

दुसऱ्या दिवशी मी एकटी निघाले. मोठ्या रस्त्यानं, लेंगा आणि परकर, डोकं वर करून. दारादारांत बायका उभ्या होत्या. सायकल इतकी हलकी झाली होती, की चालवताच येईना. पुढचं चाक उगाच डोलायचं. पाठ गार पडली होती. अर्ध्या वाटेत मला कळलं की मी शाळेला चालले आहे आणि अण्णाची झोप मात्र कुठंच चालली नाही. ती त्या गाठीबरोबर सुटली. सायकलवरचा त्याचा वेळ आता रिकामा झाला होता, आणि सुगीत आमच्या घरी रिकामा वेळ कुणाला ठेवत नसत. त्या वेळात वरच्या तुकड्याची कापणी आली. आप्पांनी कुणावर अन्याय केला असंही म्हणता येत नाही. ते स्वतःही तिथंच वाकलेले असायचे. पण कुणीतरी दमलंय हे बघून त्याला निजवावं, एवढी एक गोष्ट त्या घरात मला तेवढी जमली होती, आणि मी पास होण्याच्या नादात ती गेली.

मी पास झाले. पुढं शिक्षिका झाले, बेळगावात नोकरी केली, संसार केला. अण्णा शेतावर राहिला. आप्पा गेले, तंबाखू गेली, ऊस आला. अण्णाचं सगळं मार्गी लागलं, पोरं शिकली, घर बांधलं. आणि आता त्याला झोप येत नाही. डॉक्टरनं गोळी दिलीय, ती घेऊनही तो पहाटेपर्यंत छताकडं बघत पडतो. ‘आता येळच येळ हाय, आणि ही सटवी येत न्हाय,’ म्हणतो. मी माघात चार दिवस जाते ती त्याच्यासाठी. दोघं ओसरीवर बसतो. मला डुलक्या लागतात, तो जागा.

यंदा असेच बसलो होतो, तर दारात त्या जाड टायरच्या सायकली येऊन थांबल्या. चार-पाच पोरंपोरी, धुळीनं माखलेली. एकानं विचारलं, ‘काका, इथून निपाणीला आतली वाट आहे का? डांबरी नको.’

‘डांबरी सोडून?’ अण्णानं डोळे मोठे केले. ‘का रं बाबा?’

‘मजा येते.’

‘मजा,’ अण्णा म्हणाला. मग माझ्याकडं बोट केलं. ‘हिला इचारा. मी गेलोय त्या वाटंनं, पर बगितली न्हाय.’

पोरं हसली. मी सांगितलं कसं जायचं ते. मधली अर्धी वाट उसात गेलीय हेही सांगितलं. ती गेली. चाकांचा आवाज लांब जाईपर्यंत अण्णा त्यांच्या धुरळ्याकडं बघत होता.

‘शके.’

‘काय रं?’

‘ती वाट कशी हुती गं? मला तुझ्या पाठीची ऊब तेवढी ठावं हाय, आणि खडखड.’

इतक्या वर्षांत मी कधी सांगितलंच नव्हतं, आणि त्यानं विचारलं नव्हतं. मी पाय वर घेऊन नीट बसले. सांगितलं, पहिल्या बाभळीपाशी उजवीकडं करडईचं शेत होतं, पिवळंजर्द, दवानं ओलं, आणि त्यात एक बुजगावणं, त्याला कुणीतरी शाळेचा शर्ट घातलेला. पुढं हद्दीचा दगड, अर्धा चुना लावलेला. त्याच्यावर रोज एक नीळकंठ बसायचा, आपण जवळ गेलो की उडायचा आणि पुढच्या दगडावर जाऊन बसायचा. शाळूच्या कणसांवर पोपट. एक एकटा आंबा, मोहरानं लदलेला, त्याच्याखालून जाताना तुझ्या केसांत मोहर पडायचा. मी निपाणीच्या अलीकडं झटकायची, तुला कळायचं नाही.

अण्णा गुडघे जवळ घेऊन बसला होता. संध्याकाळ होत आली होती, आतून अण्णाच्या सुनेनं दोनदा जेवायला हाक मारली. त्यानं हातानंच थांब म्हटलं. डोळे लख्ख उघडे होते.

‘मग फुडं?’ म्हणाला.